म्हातारं मांजर अचानक आजारी पडलं तर: पहिल्या तासापासून पुढे

आमची सोनी 15 वर्षांची असताना जुलैतल्या एका सकाळी दुधाची पिशवी कापल्याचा आवाज ऐकूनही आली नाही. पलंगाखाली भिंतीला टेकून, पाय पोटाशी घेऊन बसली होती. हाक मारली तर एक कान हलला, बस. पुण्यात कोथरूडमधल्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिला टेबलावर घेता घेता मला चार प्रश्न विचारले. शेवटचं कधी खाल्लं? लघवी कधी झाली? मागच्या वर्षी वजन किती होतं? कुठलं औषध चालू आहे? मला चौथ्याचंच उत्तर देता आलं.

तिच्या किडन्या निकामी होत आल्या होत्या. बाहेरून सगळं एका रात्रीत झाल्यासारखं दिसलं, पण चार-पाच महिने ती वाटीभर जास्त पाणी पीत होती, पाठीचा कणा हाताला लागत होता आणि आम्ही घरात "म्हातारी झाली गं बाई" म्हणत तिच्या पाठीवरून हात फिरवत होतो.

त्यानंतर ती 19 महिने जगली आणि त्यातले बरेचसे बरे गेले. त्या काळात डॉक्टरांकडून आणि चुकांमधून जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. 10 वर्षांचं मांजर म्हणजे साधारण 56 वर्षांचा माणूस, 15 वर्षांचं म्हणजे 76. तुमच्याकडे या वयाचं मांजर असेल तर ते ठणठणीत असतानाच हे वाचून ठेवा.

पायरी 1: वही

मांजर दुखणं लपवतं. रानात दुबळा दिसलेला जीव दुसऱ्याचं भक्ष्य होतो, ती सवय पलंगावर झोपणाऱ्या मांजरातही टिकून आहे. म्हणून त्याच्या वतीने बोलायला कागदावर काहीतरी हवं. एक शंभर पानी वही घ्या आणि फ्रिजवर ठेवा, जिथे घरातल्या सगळ्यांचा हात पोचतो.

महिन्यातून एकदा वजन लिहा. लहान बाळांचा काटा मिळाला तर उत्तम, कारण इथे ग्रॅमला किंमत आहे. 4 किलोच्या मांजराचं 400 ग्रॅम वजन उतरणं म्हणजे 60 किलोच्या माणसाचं 6 किलो उतरणं. माणसात ते शेजारीसुद्धा ओळखतात, मांजराच्या केसांखाली ते झाकून जातं.

दुसरा आकडा झोपेतल्या श्वासाचा. गाढ झोपलेलं असताना छाती वर गेली आणि खाली आली की एक. 30 सेकंद मोजा आणि दुप्पट करा. घुरघुर चालू असेल तर मोजू नका, आकडा चुकतो. तब्येत ठीक असलेल्या मांजराचा हा आकडा मिनिटाला 30 च्या आत असतो. पुढे कधी 30 च्या वर जाऊन तिथेच राहिला, तर खोकला नसला, खाणं नीट असलं तरी डॉक्टरांना कळवा. हृदयाच्या किंवा छातीत पाणी होण्याच्या दुखण्याची ही बऱ्याचदा पहिली खूण असते.

पहिल्या पानावर दोन दवाखान्यांचे नंबर असू द्या: एक नेहमीचा, एक रात्री उघडा असणारा. आणि ते दोन्ही नदीच्या एकाच बाजूला नकोत. खडकवासला धरणातून पाणी सोडलं की भिडे पूल बुडतो आणि बाकीच्या पुलांवर रांगा लागतात. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, केळकर रस्ता, कुमठेकर रस्ता तर ओलांडताच येत नाहीत. पेठांत राहणाऱ्यांनी त्या दिवसाची सोय आदल्या आठवड्यातच फोन करून ठरवावी. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, तेव्हा दवाखान्यात जनरेटर किंवा इन्व्हर्टर आहे का हेही एकदा विचारून घ्या.

पायरी 2: किती घाई आहे ते ओळखा

पुढच्या गोष्टींत सकाळची वाट पाहायची नाही. रात्रीचे दोन असले तरी निघायचं.

तोंड उघडून श्वास घेणं. कुत्रं धापा टाकतं ते नेहमीचं असतं, बसल्या जागी तोंड उघडून श्वास घेणारं मांजर संकटात असतं. हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर दिसत असतील तर आणखी घाई.

बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा जाऊन बसतोय, कण्हतोय, थेंब पडत नाही. याला घरोघर "पोट साफ होत नाहीये" म्हणतात आणि एरंडेल शोधायला लागतात. बोक्याचा लघवीचा मार्ग अरुंद असतो, तो बंद झाला की रक्तात पोटॅशियम वाढतं आणि हृदय थांबू शकतं. हातात 24 ते 48 तास असतात, आणि त्यातले किती गेले हे तुम्हाला कळलेलं नसतं. म्हणून शंका आली की ट्रेमधली वाळू बघा. ओली ढेकळं आहेत का? नसतील तर चपला घाला.

मागचे दोन्ही पाय एकाएकी लुळे पडले, मांजर ओरडतंय, पायाच्या गाद्या गार आणि फिकट किंवा निळसर झाल्यात. हृदयातली रक्ताची गुठळी महाधमनी जिथे दुभागते तिथे जाऊन अडकते तेव्हा असं होतं. "पडलं असेल, मुरगळलं असेल" म्हणून पाय चोळू नका, शेक देऊ नका. वेदना फार असते आणि पहिलं काम वेदना कमी करण्याचं असतं, ते दवाखान्यातच होतं.

फिट पाच मिनिटांत थांबली नाही किंवा लागोपाठ आली तर निघा. इन्शुलिन चालू असलेलं मांजर झोकांड्या खात असेल तर हिरड्यांना मध लावा आणि निघा.

एकदम दिसेनासं होणं हे अनेकांना माहीत नसतं. बाहुल्या मोठ्या होतात, उजेडातही लहान होत नाहीत, मांजर दाराच्या कडेला धडकतं. म्हाताऱ्या मांजरात रक्तदाब वाढून डोळ्याचा पडदा सुटतो. त्याच दिवशी रक्तदाब उतरवला तर कधी कधी दृष्टी काही अंशी परत येते.

आणि 24 तास काहीच न खाणं. यासाठी मध्यरात्री धावायची गरज नाही, पण त्या दिवसाचा सूर्य मावळायच्या आत डॉक्टर बघायला हवेत. माणसाचं लंघन वेगळं. गुटगुटीत मांजर काही दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साठते आणि मूळ आजारावर यकृताचा नवा आजार चढतो.

पायरी 3: निघण्याआधीची दहा मिनिटं

घरातलं कुठलंही औषध देऊ नका. पॅरासिटामॉल तर नाहीच. आपल्या यकृतात ज्या रासायनिक वाटेने ते निकामी होतं ती वाट मांजरात जवळजवळ नाही. एका गोळीनेही रक्त ऑक्सिजन वाहायचं थांबवतं, हिरड्या तपकिरी होतात, जीव जातो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, कुत्र्याचं गोचीडनाशक ही सगळी त्याच यादीत. तोंडात दूध, पाणी, मध-हळद ओतू नका. अशक्त मांजराच्या ते फुप्फुसात जातं.

एकाने दवाखान्याला फोन लावावा, दुसऱ्याने मोबाइलवर वीस सेकंदांचा व्हिडिओ काढावा: श्वास, चाल, जे वेगळं दिसतंय ते. दवाखान्याच्या टेबलावर घाबरलेलं मांजर घरच्यासारखं वागत नाही. उलटी झाली असेल तर तिचा फोटो. जुने रिपोर्ट आणि वही बरोबर.

फोनवर रडू येतं, शब्द सुचत नाहीत. म्हणून असं वाक्य तयार ठेवा: "बोका आहे, 12 वर्षांचा, 5 किलो. काल रात्रीपासून लघवी नाही, दर पाच मिनिटांनी ट्रेमध्ये बसतोय. आत्ता आणला तर कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घालायची सोय आहे का? डॉक्टर स्वतः आहेत का?" शेवटचे दोन प्रश्न गाळू नका. मी एकदा गाळले आणि बंद एक्स-रे मशीनसमोर अर्धा तास घालवला.

पायरी 4: नेणं

वरून उघडणारी बास्केट सगळ्यात चांगली. ती नसेल तर भाजीचे दोन प्लास्टिकचे क्रेट एकमेकांवर उलटे ठेवून नाडीने चारी बाजूंनी बांधा. आत त्याचीच, त्याच्या वासाची चादर घाला, वरून सुती पंचा टाका, पण हवा खेळती राहू द्या. श्वासाचा त्रास असणाऱ्याला गोधडीत गुंडाळून छातीशी आवळू नका. माया म्हणून आपण नेमकं तेच करतो.

दुचाकीवर नेऊ नका. रिक्षा थांबवताना आधीच सांगा, "मांजर आहे, बास्केटमध्ये बंद आहे, आजारी आहे." माझा अनुभव असा, की लपवून बसलं तर वाद होतो आणि सांगितलं तर रिक्षावाले काका खड्डे चुकवत नेतात.

पैशांची ओढाताण असेल तर दिवसा औंधचं सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे. बावधनची रेस्क्यू आणि मुंढव्याची ब्लू क्रॉस या संस्थांचा मुख्य भार रस्त्यावरच्या प्राण्यांचा असतो. इमारतीखालच्या म्हाताऱ्या बोक्यासाठी त्यांना जरूर फोन करा, घरच्या मांजरासाठी आधी आपले डॉक्टर. फारच गुंतागुंतीचं निघालं तर मुंबईला महालक्ष्मीत 2024 साली सुरू झालेलं टाटा ट्रस्टचं प्राण्यांचं रुग्णालय आहे, पण तो प्रवास मांजर स्थिर झाल्यावर आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच करायचा.

पायरी 5: दवाखान्यात

श्वास लागलेल्या मांजराला आधी ऑक्सिजनमध्ये ठेवतील, हात लावणार नाहीत. "नुसतं ठेवून दिलंय" असं वाटून आवाज चढवू नका. घाईने धरून एक्स-रे काढताना अशी मांजरं जातात.

तपासण्यांत म्हाताऱ्या मांजरासाठी रक्ताची पूर्ण तपासणी, क्रिएटिनीन (किडनीचं काम कळायला), पोटॅशियम, साखर, थायरॉइडचं टी-फोर, लघवी आणि रक्तदाब हे ठरलेलं असतं. दोन गोष्टी नम्रपणे विचारून घ्या. लघवीचा नमुना सलाइन लावायच्या आधी घेतला का? सलाइन सुरू झालं की लघवी पातळ होते आणि किडनी लघवी किती घट्ट करू शकते ते कळेनासं होतं. आणि साखर वाढलेली आली तर मधुमेहाचा शिक्का लगेच बसवू नका, घाबरल्यानेही मांजराची साखर वर जाते. फ्रुक्टोसामीनच्या तपासणीतून मागच्या दोन-तीन आठवड्यांचं चित्र कळतं.

खर्चाचा अंदाज लाज न बाळगता आधी मागा. "माझ्याकडे आज इतके आहेत, यातलं सगळ्यात गरजेचं काय?" हा प्रश्न डॉक्टरांना अपमानाचा वाटत नाही. उलट काय आधी आणि काय नंतर हे ठरवायला त्यांनाही सोपं जातं.

दाखल करायचं म्हणाले तर एक प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नका: रात्री इथे कोण असतं? सोनीला पहिल्या रात्री एका ठिकाणी ठेवलं. रात्री कुणीतरी असेल असं मी गृहीत धरलं होतं. सकाळी गेले तर सुई निसटलेली, नळी पिंजऱ्याबाहेर टपकत होती आणि फरशी ओली. किती वाजल्यापासून, ते सांगायला कुणी नव्हतं. रात्री माणूस नसेल तर दिवसा सलाइन घेऊन रात्री घरी आणणं बऱ्याचदा बरं. डॉक्टरांना तसं स्पष्ट विचारा.

पायरी 6: घरी आणल्यावर

खरी परीक्षा इथे असते आणि इथेच माणसं खचतात. एक खोली किंवा एक कोपरा ठरवा. अंथरूण जमिनीवर, गुळगुळीत फरशीवर जुनी सतरंजी म्हणजे पाय घसरत नाहीत. ट्रेची एक कड इतकी खाली कापा की पाय फारसा उचलावा लागणार नाही. पाणी दोन हातांवर. घरातल्या दुसऱ्या मांजराला काही दिवस वेगळं ठेवा, दवाखान्याच्या वासाने ते फिस्कारतं.

किडनीच्या आजारात बहुतेकांना कातडीखाली सलाइन द्यायला शिकवतात. मला वाटलं होतं हे आपल्याने व्हायचं नाही. कसं करते ते सांगते.

बाटली गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून कोमट करायची, दोन थेंब मनगटावर घेऊन बघायचे, बाळाच्या दुधासारखे. बाटली खिडकीच्या गजाला, आपल्या डोक्याच्या वर. नळीतली हवा काढून टाकायची. सोनीला मी मांडी घालून पायांच्या खळग्यात बसवायची, तिचं तोंड माझ्यापासून पलीकडे. खांद्यांच्या मधली सैल कातडी डाव्या हाताच्या चिमटीत धरून वर उचलली की खाली छोटा तंबू होतो. सुईचं तिरकं तोंड वर ठेवून त्या तंबूच्या पायथ्याशी, पाठीला समांतर घालायची. बोटभर केस ओले झाले तर समजायचं की सुई दुसऱ्या बाजूने बाहेर आलीय. मला तीनदा असं झालं. चौथ्या दिवशी हात थरथरायचा थांबला. तिला दर खेपेला 100 मिली असायचं, तुमच्या मांजराचं प्रमाण डॉक्टरच ठरवतील. संपल्यावर सुई काढून जागा चिमटीत अर्धा मिनिट दाबून धरायची. पाठीवर उंटासारखं टेंगूळ येतं, गुरुत्वाने पुढच्या पायाकडे उतरतं आणि सकाळपर्यंत जिरतं. जिरलं नाही किंवा झोपेतला श्वास वाढला तर पुढचं सलाइन न देता फोन करा. हृदय कमजोर असलेल्या मांजराला जास्तीचं पाणी मारक ठरतं.

खाण्याबद्दल. वाटीजवळ येऊन, वास घेऊन, ओठ चाटून तोंड फिरवलं तर त्याला नखरे म्हणू नका. मळमळतंय. त्यावर औषध आहे, ते मागा. खाणं शरीराच्या तापमानाइतकं कोमट करा म्हणजे वास येतो. चिकन उकडलेलं पाणी चालतं, पण त्यात कांदा-लसूण नको, दोन्हीने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. आवडीच्या खाण्यात गोळी लपवू नका, एकदा कडू लागलं की तो पदार्थ कायमचा बंद होतो. गोळी दिल्यावर सिरिंजने गालाच्या बाजूने थोडंथोडं करत 5 मिली पाणी द्या. कोरडी गोळी, विशेषतः डॉक्सिसायक्लीन, अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते. डॉक्टरांनी मानेतून खाण्याची नळी सुचवली तर दचकू नका. रोज तोंड दाबून भरवण्यापेक्षा ती दोघांनाही सोपी असते आणि गरज संपली की काढता येते.

आणि सगळं वहीत. वेळ, किती ग्रॅम खाल्लं, लघवीची ढेकळं किती, उलटी, श्वास, औषध दिलं त्याची खूण. आमच्याकडे सासूबाई मायेने चमचाभर दूध द्यायच्या आणि मग जुलाब कशाने झाले ते कळायचं नाही. त्यांना मी थांबवलं नाही, वही दिली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या वळणदार अक्षरात होतं: "सकाळी 7, दूध 2 चमचे. आईने दिले." आठवड्याभरात त्यांनीच ते बंद केलं, कारण जुलाबाची नोंदही त्याच पानावर खाली होती.

पायरी 7: पुढे न्यायचं का, हे ठरवणं

आजाराच्या पहिल्याच आठवड्यात, डोकं जागेवर असताना, मांजराला आवडणाऱ्या पाच गोष्टी वहीत लिहा. सोनीच्या होत्या: बाल्कनीतलं आठचं ऊन, हनुवटीखाली फणी, शिलाई मशीनवर चढून बसणं, समोरच्या कावळ्याला दात वाजवून दाखवणं, रात्री माझ्या पोटरीला टेकून झोपणं. दर रविवारी त्यातल्या किती उरल्या ते लिहायचं. मशीन आधी गेलं. मी पाट ठेवून पायरी केली, ते परत आलं. पुढे कावळा गेला, मग ऊन, मग फणी. दोनच उरल्या तेव्हा मी डॉक्टरांना फोन केला.

घरात मतं पडतात. "आपल्या हाताने जीव कशाला घ्यायचा, आपोआप जाऊ दे" असं म्हणणाऱ्यांना मी कमी प्रेमाचं मानत नाही. पण "आपोआप" म्हणजे नेमकं काय हे डॉक्टरांना त्यांच्यासमोर विचारा. किडनीच्या शेवटात दिवसेंदिवस मळमळ, तोंडात व्रण, फिट येऊ शकतात. ऐकल्यावर ज्याने त्याने ठरवावं, पण ऐकून ठरवावं.

ते कसं होतं तेही आधी कळलेलं बरं. आधी गुंगीचं इंजेक्शन, मांजर झोपतं. मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस, हृदय काही मिनिटांत थांबतं. डोळे उघडे राहतात. लघवी होऊ शकते, म्हणून खाली टॉवेल असावा. नंतर एखादा आचका येतो, तो जिवंतपणाचा नसतो. घरी येणारे डॉक्टर असतील तर घरीच करा.

घरी आपोआप जात असेल तर गंगाजळ तोंडात ओतू नका, गुदमरतं. कापूस ओला करून ओठांना टेकवा, तुळशीचं पान शेजारी ठेवा.

पायरी 8: नंतर

डोळे मिटवून, पाय दुमडून झोपल्यासारखं ठेवा, दोन-तीन तासांत शरीर ताठरतं. खाली प्लास्टिक, वर चादर, पोटापाशी बर्फाच्या पिशव्या. दहनाची व्यवस्था कुठे आणि किती वाजेपर्यंत ते दवाखान्यातच विचारा, त्यांना रोजचं असतं. अस्थी हव्या असतील तर दहन वेगळं करायला आधीच सांगावं लागतं.

दुसरं मांजर असेल तर त्याला जवळ येऊ द्या. आमच्या गोट्याने सोनीचा कान हुंगला, बाजूला बसून अंग चाटलं आणि निघून गेला. पुढे तो तीन दिवस नीट जेवला नाही, ते मी त्याच्या नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आणि चौथ्या दिवशी त्याला दाखवून आणलं. उरलेल्या सलाइनच्या सीलबंद बाटल्या आणि सुया त्याच फेरीत दवाखान्यात दिल्या. एका आजोबांच्या बोक्याला त्या लगेच लागणार होत्या. सुई कशी धरायची ते मी त्यांना तिथल्या बाकावर बसून, टॉवेलची घडी चिमटीत उचलून दाखवलं.